एक खोली, दोन तास

आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला अनोळखी माणूससुद्धा जिलबी नाकारताना सहज सांगून टाकतो, "नको, शुगर आहे." पलीकडचा लगेच विचारतो, "किती?" मग उपाशीपोटी किती, जेवणानंतर किती, डॉक्टर कोण, गोळी कुठली, कारल्याचा रस घेता की मेथ्या भिजवून खाता, ही चर्चा मठ्ठा येईपर्यंत चालते. गुडघे, पित्त, रक्तदाब, मोतीबिंदू, फार काय, मूळव्याधसुद्धा आपण चारचौघांत सांगतो आणि चारचौघं ते दुखणं वाटून घेतात. पण त्याच पंगतीत कुणी म्हणालं, की "गेले तीन महिने मला सकाळी उठावंसंच वाटत नाही, कशात जीव रमत नाही, आपण नसतो तर बरं झालं असतं असं सारखं मनात येतं," तर काय होईल? शेजारचा घड्याळात पाहील आणि वाढप्याला हाक मारील. अर्थात, असं कुणी म्हणतच नाही, हा भाग वेगळा.

'डिप्रेशन' हा शब्द मात्र आता घरोघरी पोचला आहे. बारावीला दोन टक्के कमी पडले, डिप्रेशन. भारत अंतिम सामना हरला, डिप्रेशन. कामवाली दोन दिवस आली नाही, तरी डिप्रेशनच. शब्द इतका स्वस्त झाला, की ज्याला तो आजार खरोखर झाला आहे त्याच्या वाट्याला शब्दच उरला नाही. उदास होणं आणि नैराश्याचा आजार होणं यांत फरक आहे. उदासीला कारण असतं आणि एखादा मित्र आला, एखादं गाणं लागलं, तर ती घटकाभर बाजूला सरकते. आजार सरकत नाही. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा भाग मन झाकोळलेलं राहतं. आवडीच्या गोष्टींतली गोडी जाते. झोप उडते किंवा अति येते, भूक मरते, साधा निर्णय घेता येत नाही. जे घडलं त्याचा आणि जे घडलंच नाही त्याचाही दोष माणूस स्वतःकडे घेत सुटतो. त्यातून मरणाचे विचार येऊ लागतात.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी हा आजार माझ्याकडे राहायला आला. मी तेव्हा बँकेत होतो. समोरच्या फाइलमधली एकच ओळ मी चार चार वेळा वाचायचो आणि ती डोक्यात शिरायची नाही. सकाळी दात घासायला उठणं हे एखादा गड चढण्याएवढं अवघड वाटायचं. माझ्या बाबतीत सांगण्यासारखं कारण काही नव्हतं आणि नातेवाइकांची खरी अडचण तीच होती. नोकरी आहे, स्वतःचा फ्लॅट आहे, मुलगी हुशार आहे, मग तुला दुःख कसलं? हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनात माया होती, याविषयी मला शंका नाही. पण त्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापाशी नव्हतं आणि ते नाही म्हणून मी स्वतःला आणखी नालायक ठरवत होतो. मन रमव, फिरायला जा, ध्यान कर, जरा खंबीर हो! पाय मोडलेल्या माणसाला 'चाल म्हणजे बरा होशील' असं आपण सांगत नाही. मन मोडलेल्याला मात्र हमखास सांगतो.

मी काही विरळा माणूस नव्हे. बंगळूरच्या 'निम्हान्स' या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात असं दिसलं, की साधारण वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याच्या आजाराने गाठलेलं असतं. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की अशा माणसांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक जणांना उपचार मिळतच नव्हते. म्हणजे तुमच्या सोसायटीत चाळीस प्रौढ माणसं राहत असतील, तर त्यांतल्या दोघांची ही कथा असू शकते आणि त्या दोघांनी ती कुणालाही, कदाचित शेजारी झोपणाऱ्या माणसालाही, सांगितलेली नसते.

पहिली गोष्ट निःसंदिग्धपणे सांगायला हवी. हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे. थायरॉइडसारखा एखादा शारीरिक बिघाडही असंच रूप घेऊन येतो, तेव्हा तोही तपासून घ्यावा लागतो. गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात मळमळ आणि तोंडाला कोरड एवढीच प्राप्ती झाल्यासारखी वाटते आणि नेमकी त्याच सुमारास माणसं गोळ्या सोडतात. बरं वाटू लागल्यावरही त्या काही महिने चालू ठेवाव्या लागतात. त्या आपल्या मनाने बंद करायच्या नसतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करायच्या असतात. 'सवय लागेल' या भीतीपोटी कितीतरी जण अर्ध्या वाटेवरून परत फिरतात. मला गोळ्यांनी उभं राहण्याइतकं बळ दिलं, हे मी कृतज्ञतेने सांगतो.

पण पुढे काय? डॉक्टरांच्या दाराबाहेर चाळीस माणसं बसलेली असतात. आपल्या वाट्याला महिन्यातून एकदा दहा-पंधरा मिनिटं येतात. त्यात डॉक्टरांचा दोष नाही, आपल्या देशात मानसोपचारतज्ज्ञ आहेतच थोडे. मात्र उरलेले एकोणतीस दिवस आणि त्यांतल्या रात्री ज्याच्या त्याला काढायच्या असतात. उपचार आणि आयुष्य यांच्या मधल्या त्या मोकळ्या जागेत माणूस एकटा असतो. आधार लागतो तो तिथे, आणि स्वतःला मदत करायची असते तीही तिथेच.

स्वतःला मदत म्हणजे काय, याविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. स्वतःच्या मनाला दरडावणं म्हणजे स्वमदत, असं आपल्याला वाटतं. लहानपणी मनाचे श्लोक पाठ केलेली आपण माणसं. मनाला उपदेश केला की ते ऐकतं, अशी आपली समजूत झालेली असते. पण समर्थांनीही मनाला 'सज्जन' म्हणून हाक मारली आहे, दरडावलेलं नाही, हे आपण विसरतो. आजारी मनाला हुकूम समजत नाहीत, त्याला फार तर लहानसं काम समजतं.

याचा एक उत्तम दाखला आपल्या शेजारी गोव्यात आहे. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिथे 'संगाथ' ही संस्था सुरू केली. प्राथमिक आरोग्य केंद्रात येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांसाठी त्यांनी एक साधा उपचार बेतला. तो देणारे लोक डॉक्टर नव्हते की मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. गावातल्याच साध्या माणसांना काही आठवडे प्रशिक्षण देऊन तयार केलेले ते समुपदेशक होते. सहा ते आठ भेटी, एवढाच उपचार. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांनंतर या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के रुग्ण आजाराच्या पकडीतून सुटले होते. ज्यांना केंद्रातले एरवीचे उपचार मिळाले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

त्या भेटींत जादू काही नव्हती. नैराश्य आलं की माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. देवपूजा सोडतो, कट्ट्यावर जाणं सोडतो, फोन घेणं सोडतो. सोडलं की दिवस आणखी रिकामा होतो आणि रिकाम्या दिवसात नैराश्य आणखी पसरतं. हे चक्र उलटं फिरवायचं, तर 'बरं वाटलं की करीन' ही अट आधी काढून टाकावी लागते. आधी करायचं, बरं मागाहून वाटेल. आणि नाही वाटलं, तरी केलेलं वाया जात नाही. मात्र काम लहान हवं. 'उद्यापासून पहाटे पाच किलोमीटर चालणार' हा संकल्प नैराश्यग्रस्ताचा घात करतो, कारण तो मोडतो आणि मोडला की दोषाच्या ढिगाऱ्यात आणखी एक भर पडते. 'चहा घेऊन गॅलरीत पाच मिनिटं बसणार' हा संकल्प पुरा होतो. माझी बायको त्या दिवसांत रोज सकाळी चहाचे दोन कप घेऊन गॅलरीत बसायची. "उठा" असं ती कधी म्हणाली नाही. "या, चहा निवतोय," एवढंच म्हणायची. तिने कुठल्या संशोधनाचं नावही ऐकलेलं नव्हतं.

पण प्रत्येकाला असं माणूस घरात लाभतंच असं नाही. आणि लाभलं तरी एक मर्यादा उरते. आपलं माणूस प्रेम करतं, पण ते त्या विहिरीत उतरलेलं नसतं. जो उतरून वर आला आहे त्याच्याशी बोलताना शब्द कमी लागतात. १९३५ मध्ये अमेरिकेत एक दलाल आणि एक शल्यविशारद अशा दोन मद्यासक्तांनी एकमेकांशी बोलून दारू दूर ठेवली आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' उभी राहिली. दोनच वर्षांनी शिकागोत डॉ. अब्राहम लो यांनी मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या रुग्णांसाठी असाच गट सुरू केला. आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसंच पुढे नव्या रुग्णांचे हात धरू लागली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू करून मनाचं आरोग्य हा विषय दवाखान्याबाहेर आणला. कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी १९९७ मध्ये पुण्यात 'स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन' स्थापन केली. रुग्णांचे आणि त्यांच्या नातेवाइकांचे स्वमदत गट हा तिच्या कामाचा महत्त्वाचा भाग आहे. म्हणजे वाट आपल्याला अनोळखी नाही. ती गल्लीबोळापर्यंत आलेली नाही, इतकंच.

आमचा गट अगदी छोटा आहे. उपनगरातल्या एका शाळेचा वर्ग आम्हाला महिन्यातले दोन रविवार सकाळी दोन तास मिळतो. बाक तिसरीतल्या मुलांचे, त्यामुळे गुडघे वर येतात. कधी सहा जण असतात, कधी अकरा. नियम चारच. इथलं बोलणं इथेच राहील. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. कुणाचंही दुःख मोठं की छोटं हे मोजायचं नाही. आणि औषधं बदलण्याची किंवा बंद करण्याची गोष्ट डॉक्टरांशी, इथे नाही. बोलायचं नसेल तर गप्प बसण्याची मुभा आहे. एक गृहस्थ पहिले पाच रविवार नुसते येऊन बसत. सहाव्या वेळी म्हणाले, "मी रिक्षा चालवतो. भाडं बसलं की मला रडू येतं." कुणी हसलं नाही, कुणी कारण विचारलं नाही. समोरच्या बाकावरच्या बाई म्हणाल्या, "मला फळ्यावर लिहिताना येतं. पाठ वर्गाकडे असते, म्हणून बरं." त्या शिक्षिका आहेत. दोघांच्या चेहऱ्यावर जी सुटका मी त्या वेळी पाहिली, ती मला कुठल्याही गोळीच्या वेष्टनावर लिहिलेली आढळलेली नाही.

या बाई एक वही ठेवतात. रोज रात्री तीन कामं लिहायची, झालेली. होणारी नव्हे. 'केस विंचरले. दूध तापवलं. बहिणीचा फोन घेतला.' वाईट दिवसांत एवढंच असतं. पण 'आज मी काहीच केलं नाही' असं मन म्हणू लागलं, की वही पुरावा म्हणून पुढे ठेवता येते. आजारी मन बिनपुराव्याचे आरोप करतं. त्याच्याशी वाद न घालता पुरावा मागायचा, ही शिकवण आमच्यातल्या बऱ्याच जणांना उपयोगी पडली आहे. आणखी एक गृहस्थ आपली वाईट लक्षणं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावून ठेवतात. पहाटे तीनला जाग येऊ लागली, दाढी दोन दिवस राहिली, की तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन. हा आजार पुन्हा येऊ शकतो. त्याची पावलं ओळखता आली, तर तो घरभर पसरण्याआधी दार लावता येतं.

नातेवाइकांसाठी आम्ही महिन्यातून एकदा निराळी बैठक घेतो, कारण तेही थकतात आणि थकल्याचं बोलायला त्यांना लाज वाटते. एका मुलाने विचारलं होतं, "आईशी बोलायचं काय?" उत्तर एका सासऱ्यांनी दिलं, "बोलू नकोस. तिच्याबरोबर शेंगा सोल." २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय सुवर्णकमळ ज्याला जाहीर झालं तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'कासव' हा मराठी चित्रपट ज्यांनी पाहिला असेल, त्यांना हे उत्तर लगेच पटेल. स्वतः नैराश्यातून गेलेली एक बाई जीव द्यायला निघालेल्या एका मुलाला कोकणच्या किनाऱ्यावरच्या आपल्या घरी नेते आणि त्याच्यामागे प्रश्नांचं लचांड न लावता त्याला नुसतं राहू देते.

मात्र एका बाबतीत गप्प राहायचं नाही. मरणाचं बोलणं निघालं, किंवा नुसता संशय आला, तर सरळ विचारावं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, ही समजूत खोटी आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. 'हो' असं उत्तर आलं, तर त्याला एकटं सोडू नये, घरातली कीटकनाशकं आणि गोळ्यांचे साठे कुलपात ठेवावेत आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. गटाचं काम तिथे संपतं. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६. फोनला पैसे पडत नाहीत, तो दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. गॅसवाल्याच्या नंबराशेजारी हाही लिहून ठेवायला हरकत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र मानसिक ताणाखाली होता असं तो कायदा गृहीत धरतो आणि त्याला शिक्षा नव्हे, उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकतो. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचं संरक्षण मिळालं पाहिजे, असंही त्यात लिहिलं आहे. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या घरांपर्यंत ही माहिती पोचायला हवी.

कायदा आहे, औषधं आहेत, फोन आहे. मग कमी काय आहे? माझ्या मते, खोली. आपल्या गावागावांत वाचनालयं आहेत, ज्येष्ठ नागरिक संघाची सभागृहं आहेत, मंदिरांचे मंडप आहेत, रविवारी रिकामे असणारे शाळांचे वर्ग आहेत. तिथे भजनी मंडळ जमतं, हास्यक्लब जमतो, सोसायटीची भांडणं जमतात. नैराश्याशी झुंजणाऱ्या माणसांनी महिन्यातून दोनदा एकत्र बसावं, अशी एक खोली तिथे का असू नये? तिला देणगीदार नको, पाटी नको, उद्घाटन तर नकोच नको. जवळच्या एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाचा वा समुपदेशकाचा पाठिंबा मात्र हवा. अडलं तर विचारायला आणि मर्यादा ओलांडली जात असेल तर थांबवायला. 'मनोरुग्णांना जागा दिली तर लोक काय म्हणतील' असा प्रश्न विश्वस्त विचारतील. आम्हालाही एका ठिकाणी विचारला गेला आणि जागा मिळाली नाही. दुसऱ्या ठिकाणी मुख्याध्यापकांनी फक्त एवढंच विचारलं, "पंखे बंद करून जाल ना?"

असा गट सुरू करायचा असेल, तर लागणारं साहित्य फार नाही. किल्ली, पाचसहा खुर्च्या, चहाचा थर्मास आणि एक माणूस. त्या माणसाला व्याख्यान देता आलं पाहिजे असं नाही. पहिले चार रविवार कुणीही फिरकलं नाही, तरी पाचव्या रविवारी दहा वाजता येऊन त्याने दार उघडलं पाहिजे. कारण पाचव्या रविवारी जो येणार असतो, तो आधीचे चार रविवार समोरच्या फुटपाथवर उभा राहून, दार खरंच उघडं असतं का, हे पाहून गेलेला असतो.